तारा उतरवलेला तंबोरा

बोळिंज,
५ ऑक्टोबर १९५२

प्रिय पास्कल यास,

तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती मी शास्त्राला धरून मांडणार आहे. आधी वस्तुस्थिती, मग तुझा बचाव, मग त्या बचावाचं खंडन. बचावही मीच लिहितो, कारण दोन वर्षांत तू मला एक ओळ लिहिलेली नाहीस. तुझा कलकत्त्याचा पत्ता रेजिनामावशीकडून मिळवायला मला तिच्या अंगणात बसून तीन पेले ताक प्यावं लागलं.

वस्तुस्थिती अशी. गाव सोडताना तू तुझ्या मावशीकडे एक कोंबड्याचं पिल्लू ठेवून गेलास. त्याचा आता मोठा कोंबडा झाला आहे. पहाटे मी ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून संध्येला बसतो, तेव्हा हा प्राणी बरोबर समोरच्या कुंपणावर माझ्याकडे तोंड करून बसतो. सूर्याला दिलेलं अर्घ्य आधी त्याला पोचतं. गायत्रीच्या मध्यात तो आरवतो आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शाळेला जायला उशीर होतो. आठवीतली मुलं म्हणतात, सर म्हातारे झाले.

तुझा बचाव असा असणार, की कोंबडा आता मावशीचा आहे. त्याचं खंडन मावशीच करते. मी तिला म्हटलं, "मावशी, नाताळला याचं काहीतरी करून टाका." ती म्हणाली, "तो माजा नाय मास्तर, पास्कलचा हाय. पास्कल येल तवा कापीन." तेव्हा तू येत नाहीस म्हणून तो जगतो, आणि तो जगतो म्हणून माझी संध्या बुडते. या पापाचा वाटेकरी तू आहेस.

या कोंबड्याचा आणखी एक फिर्यादी आहे. शत्रुघ्न. परवा हा आपला गवई त्याच्या पानवेलीच्या मळ्यातून बाहेर आला, कुंपणाशी थांबला आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "हरेश्वर, हा दोन सुरांच्या मधल्या खड्ड्यात पडून ओरडतो. याला एक तर शिकवा, नाहीतर मारा." मी हसलो. दुपारपर्यंत हे गावभर झालं. न्हाव्याच्या दुकानात, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळीकडे एकच. "बुवांचा कान! कोंबडासुद्धा सुटत नाही!"

हसला नाही तो फक्त शत्रुघ्न.

हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ते मला इथून दिसतं. गिरगावातल्या त्या गणपतीच्या बैठकीत भर मैफलीत त्याने तुझ्या व्हायोलिनच्या गजावर हात ठेवला, "बेसूर वाजवतोस, उतर खाली" म्हणाला, आणि तू जो खाली उतरलास तो थेट कलकत्त्याला जाऊन थांबलास. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, शाळेच्या परीक्षा होत्या. त्यामुळे त्या प्रकरणात न्यायाधीश व्हायची माझी लायकी नाही. मी फक्त कोंबड्याबद्दल लिहितो आहे.

नाताळला ये. कोंबडा तरी मोकळा होईल, आणि मीही.

तुझा,
हरेश्वर


बोळिंज,
१६ नोव्हेंबर १९५२

प्रिय पास्कल,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर दोन वाक्यं लिहिणारे लोक मी पाहिले आहेत, पण दोन्ही वाक्यं धमकीची असलेला तूच पहिला. "कोंबडा तूच खा. शत्रुघ्नचं नाव पुढच्या पत्रात दिसलं तर पत्र न वाचता फाडीन."

पहिलं मला धर्माने शक्य नाही. दुसरं मान्य आहे. यापुढे त्याला मी 'एक गृहस्थ' म्हणेन. न्यायशास्त्रात अशा अनामिक गृहस्थांची वाण नाही. तिथे पर्वतावर धूर दिसतो आणि कोणीतरी एक गृहस्थ अग्नीचं अनुमान करतो, त्याचं नाव आजवर कोणी विचारलेलं नाही.

कार्डाच्या कडेला तू बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली आहेस. ती तू खोडलीस, पण तुझी खोडायची पद्धत अजून शाळेतलीच आहे, सगळं वाचता येतं. "माझा कान गेलाय हे त्यानेच सांगितलं, आणि त्याचं कधी चुकत नाही." पास्कल, मावशी सांगते तसा हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये वाजवतोस, ते म्हणूनच का? तिथे कोणी सूर तपासत नाही म्हणून?

कालच निर्मळच्या जत्रेहून आलो. यंदा सुकेळी महाग आहेत आणि आखूडही. तुला आठवतं, तुझ्या मावशीने दिलेल्या पैशांची आपण तिघांनी सुकेळीच घेतली होती, आणि तळ्याच्या पायऱ्यांवर बसून ती वाटताना त्या गृहस्थांनी सर्वांत मोठं केळं स्वतःकडे ठेवलं होतं? कारण विचारलं तर म्हणाले, गळ्याला तूप लागतं, तूप नाही तर केळं. मग तिथेच गायला बसले. तू व्हायोलिन मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतंस. केळं विकणाऱ्या बायांनी टोपल्या तशाच ठेवल्या आणि येऊन बसल्या. मी काहीच वाजवत नव्हतो, पण मला वाटत होतं की मीही वाजवतो आहे. तसं नंतर कधी वाटलं नाही.

आणि त्याच्याही आधीचं आठवतं का? रविवारी तुमच्या देवळात वरच्या माळ्यावर तू गायकवृंदात वाजवायचास आणि हे खिडकीखाली उभे. तुमचे मास्तर छडी घेऊन खाली आले. "काय ऐकतोस रे? म्हणून दाखव." ह्यांनी ते लॅटिन स्तोत्र शब्दांवाचून म्हणून दाखवलं आणि शेवटी स्वतःची एक मुरकी लावली. मास्तरांनी छडी काखेत मारली. म्हणाले, "हा पोरगा गाणाऱ्यांच्या सांत सिसिलियाचा भाचा दिसतो."

बरं, जत्रेकडे येतो. रात्री भजन असतंच, त्याआधी दुपारी त्या गृहस्थांची बैठक ठेवली होती. जेवणाच्या पत्रावळी उचलल्या तेव्हा त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. तुला आणि त्यांना गिरगावातल्या गुरुजींनी पहिलं वर्षभर नुसता तंबोराच लावायला बसवलं होतं, तेव्हा तंबोरा लावण्याचं महत्त्व मी तुला सांगू नये. पण हे खुंटी पिळत राहिले. मणी सरकवत राहिले. जवारीचा दोरा काढून पुन्हा घातला. मी मागे बसलो होतो, माझ्या गावंढळ कानाला तो कधीच लागलेला होता. लोक आधी कौतुकाने बसले, मग चुळबुळले, मग पुन्हा कौतुकाने बसले. दिवेलागणीला ह्यांनी तंबोरा आडवा ठेवला, त्यावर गवसणी चढवली, सभेला नमस्कार केला आणि उठून निघाले. एक अक्षर गायले नाहीत.

तुला वाटेल लोक चिडले असतील. छे! एक म्हातारे डोळे पुसत होते. "सूर मनासारखा लागला नाही म्हणून गायलेच नाहीत! याला म्हणायचं तपश्चर्या." दुसरे म्हणाले, "असा कान पुन्हा होणे नाही."

परत येताना बैलगाडीत ते गृहस्थ माझ्याशेजारी बसले होते. बैलांच्या गळ्यात घुंगरं होती. अर्ध्या वाटेत त्यांनी गाडीवानाला ती सोडायला लावली आणि धोतराच्या सोग्यात घट्ट बांधून मांडीखाली दाबून धरली. हसत होते. पण घर येईपर्यंत मांडी उचलली नाही.

काय समजायचं, ते तू ठरव. मी फक्त जत्रेबद्दल लिहिलं.

तुझा,
हरेश्वर

ता. क. तुमच्या देवळाची घंटा सुरातून उतरते आहे, ती कानशीने घासून घ्यावी, असा अर्ज ह्या गृहस्थांनी फादरना दिला आहे. फादर मला म्हणाले, "मास्तर, घंटा तर माझ्या आजोबांच्या वेळची आहे, ती आज कशी काय उतरली?" मीही हसलो. एवढंच सांगायचं होतं, की नेहमीसारखं हसू आलं नाही.


बोळिंज,
११ जानेवारी १९५३

प्रिय पास्कल,

नाताळला आला नाहीस. कोंबडा जिवंत आहे आणि लठ्ठ झाला आहे. मावशीने तुझ्यासाठी केलेल्या करंज्या मला पाठवल्या, मी आवडीने खाल्ल्या. तिला वाटलं मी सोवळं सांभाळतो म्हणून नाही म्हणेन. म्हटलं, मावशी, तेल आणि नारळ यांना जात नसते.

इकडे बातमी अशी की त्या गृहस्थांनी मौन धरलं आहे. म्हणजे भागूबाई तसं सांगते. त्यांची ही विधवा थोरली बहीण तुला माहीतच आहे, लहानपणी तिच्या हातचा मार आपण तिघांनीही सारखाच खाल्ला. दाराशी कोणी आलं की ती सांगते, "बुवांचा मौन हाय, गानं नाय, बोलनं नाय." लोक उंबऱ्यावर नारळ ठेवून जातात. विरारहून काही मंडळी आली होती. पाडव्याला जाहीर सत्कार करायचा ठरलं आहे, आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. संस्कृतात हवं, वृत्तबद्ध हवं, आणि कानाची स्तुती ठळक हवी.

मी दोन श्लोक केले. विद्येवर एक, विनयावर एक. तिसरा कानावर करायला बसलो आणि उठलो. मंडळींचे प्रमुख म्हणाले, "मास्तर, कानाबद्दल काहीच नाही? तोच तर मुख्य!" मी म्हटलं, वृत्तात बसत नाही. त्यांना ते पटलं. वृत्तावर लोक अजून विश्वास ठेवतात.

आज इतकंच. जास्त लिहिलं तर ते नाव येईल.

हरेश्वर


बोळिंज,
२२ फेब्रुवारी १९५३

पास्कल,

आता मी त्याचं नाव लिहिणार आहे. पत्र फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

गेल्या रविवारी दुपारी भागूबाई आली. ती माझ्या घरी कधी येत नाही. ओट्यावर टेकली आणि पदराने तोंड पुसलं. मी आपला नेहमीसारखा, "काय भागूबाई, आज मार कोणाला?" ती हसली नाही.

"मास्तर, मौनबिन काय नाय. मीच सांगते लोकांना. काय सांगू दुसरा?"

"मग काय आहे?"

"पानी दिला तर म्हनतो, तांब्या वाजतो. ताट ठेवला तर कानावर हात ठेवतो. पितलेची सगली भांडी मी गोनपाटात बांधून माल्यावर टाकली. मडक्यात रांधते, पानावर वाढते. तरी खात नाय." मग डोळ्याला पदर लावला. "लोक म्हनतात, बुवा विरक्त झाले, मातीच्या भांड्यात जेवतात. आन पाया पडतात माज्या."

मी तिच्याबरोबर गेलो. मागच्या खोलीत, जिथून मळ्यातली पानवेल दिसते, तिथे शत्रुघ्न भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. तंबोरा गवसणीत, खाटेवर, आजाऱ्याला निजवावं तसा. मला पाहून त्याला बरं वाटलं. अगदी जुन्या हसण्याने हसला. म्हणाला, "ये शास्त्री. बस. जरा तुझा कान दे."

मी बसलो.

"भोपळ्याला कान लाव."

लावला.

"ऐकू येतं?"

"काय?"

"खर्ज. उतरलेला. सारखा, थोडासा. इतकासा." बोटाच्या पेरावर नखाने त्याने मला ते अंतर दाखवलं. "सकाळपासून चालू आहे."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. गवसणीतला तंबोरा वाजेल कसा? मी म्हटलं, बघू तरी, आणि गवसणीची नाडी सोडली. पास्कल, आत तारा नव्हत्या. एकही नाही. खुंट्या मोकळ्या, घोडी मोकळी, लाकडावर तारांच्या जुन्या रेषा तेवढ्या होत्या.

"तारा कुठे गेल्या?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"पौषातच उतरवल्या. म्हटलं, तारा नसल्या तर थांबेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "थांबला नाही रे."

मला पुष्कळ सुभाषितं पाठ आहेत, तुला माहीत आहे, तुम्ही दोघं माझी त्यावरून थट्टा करायचात. त्यातलं एकही तिथे बसेना. मी विचारलं, "चहा घेतोस?" तो म्हणाला, "घेतो, पण बशी नको." भागूबाईने मातीच्या बोळक्यातून चहा आणला. तो आम्ही प्यालो.

मग तो आपणहून बोलला. हे पुढचं मी त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण ते तुझं आहे आणि दोन वर्षं माझ्या गावात पडून होतं.

"गिरगावात पहिल्यांदा आला हा आवाज. म्हणजे त्याच्या आधीही येऊन गेला असेल, पण त्या दिवशी ठाण मांडून बसला. मला वाटलं पास्कलचा गज हलतोय. दोनदा त्याच्याकडे बघितलं. तो डोळे मिटून वाजवत होता, चांगला वाजवत होता बहुतेक. मी गजावर हात ठेवला. गज थांबला. आणि हा थांबला नाही, हरेश्वर. गज थांबला तरी हा चालूच. तेव्हाच मला कळलं की हे बाहेर नाही, आत आहे. पण तोंडातून शब्द गेला होता. लोकांनी माना डोलावल्या. वा बुवा! काय कान! आता त्यांना सांगू कसं?"

मी म्हटलं, "पास्कलला तरी सांगायचंस."

"काय सांगू? तू सुरात होतास, माझंच डोकं बिघडलंय?" मग रिकामं बोळकं जमिनीवर उपडं ठेवलं. "वेडा म्हणतील, त्याचं काही नाही. पण मग म्हणतील, आजवर जे गायला तेही वेड्याचंच. गुरुजींनी दिलेलं सगळं. ते नको."

पास्कल, आपल्या लोकांत कोणाचा पाय मोडला तर त्याला खाटेवर निजवतात. ताप आला तर काढा देतात. पण गवयाला सगळं बेसूर ऐकू येऊ लागलं तर त्याला मखरात बसवतात. जितका आजार वाढला तितके नारळ वाढले. मीही त्याच लोकांतला आहे, मलाही ते कोंबड्याचं ऐकून मौजच वाटली होती.

तर शहाण्या माणसा, तू त्या दिवशी बेसूर नव्हतास. तुझा कान गेलेला नाही. हे सांगायला मी त्याची परवानगी मागितली. तो म्हणाला, "सांग. पण त्याला म्हणावं, दया करू नकोस. शिवी दे हवी तर."

शिवी द्यायची असेल तर लौकर लिही. तो वाट बघतो आहे असं मला वाटतं.

हरेश्वर


बोळिंज,
९ मार्च १९५३

प्रिय पास्कल,

तुझं पत्र परवा आलं. चार पानं! त्यातली अडीच मला शिव्या आहेत, त्या मी सव्याज जमा करून घेतल्या. उरलेलं दीड पान मी शत्रुघ्नला मळ्यात नेऊन वाचून दाखवलं. हॉटेलच्या गच्चीवर पहाटे जाऊन नुसता षड्ज वाजवत बसलास, आणि खालून आचारी वर बघायला आला, तो भाग त्याने पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "लागला होता का त्याचा?" मी म्हटलं, त्याने लिहिलंय की लागला. तो म्हणाला, "मग लागलाच असेल." वेलीचं एक पान खुडून चोळत बसला. त्या दिवशी संध्याकाळी भागूबाईच्या म्हणण्याप्रमाणे भाकरी खाल्ली.

तू विचारलंयस ते सगळं क्रमाने सांगतो.

मुंबईला एका डॉक्टरांकडे त्याला नेऊन आणलं. कानाला दडा बसलाय असं घरात सांगितलं होतं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी नळी घालून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाले, कान स्वच्छ आहेत, हा कानाचा रोग नाही, मनाचा आहे. झोपेसाठी पुड्या दिल्या. म्हणाले, काही महिने ठाण्याच्या इस्पितळात राहिला तर निगराणी होईल, बरे होणारेही असतात. परत आल्यावर ठाणे हा शब्द मी उच्चारला मात्र, भागूबाईने हातातलं मडकं खाली ठेवलं. "मास्तर, तिकडचा नाव माज्या दारात काडायचा नाय. उद्या पोरं दगड मारतील त्याला." तिची समजूत मी अजून घालू शकलेलो नाही. ती म्हणते कामणला एक भगत आहे. मी म्हणतो, पुड्या चालू ठेव, मग भगताचं बघू. सध्या पुड्या चालू आहेत. झोप थोडी लागते.

सत्काराचं म्हणशील तर मी मंडळींना सांगितलं, बुवांची प्रकृती ठीक नाही, येणार नाहीत. प्रमुख म्हणाले, "काही हरकत नाही, मानपत्र छापून झालंय. बुवा नाहीत तर त्यांचा तंबोरा आणा, त्याला हार घालू." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या तंबोऱ्याला तारा नाहीत हे मी त्यांना कसं सांगू?

तुझा मुख्य प्रश्न असा आहे की मी येऊन काय करणार, मी काही डॉक्टर नाही. आणि मला बघून त्याचा तो आवाज वाढला तर काय करायचं. याला मी पूर्वपक्ष म्हणून मान देतो. त्याचं खंडन मी करत नाही. व्हायोलिन आण असं मी म्हणत नाही. आणलंस तरी पेटीतच राहू दे. तू वाजवलंस आणि तो बरा झाला, असलं काही मला वाटत नाही, मी इतकी वर्षं काव्यं शिकवली तरी. डॉक्टर म्हणाले त्याला एकटं ठेवू नका. एवढंच मला समजलेलं आहे.

आता गेल्या पत्रानंतर मला जे कळलं ते लिहितो.

शत्रुघ्न अर्नाळ्याला जातो. आगाशीवरून पायी, भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून. मला हे कळलं ते बेनेडिक्टकडून. तो अर्नाळ्याचा मासेवाला, सुकट घेऊन इकडे येतो. मंगळवारी शाळेच्या फाटकाशी मला थांबवून म्हणाला, "मास्तर, तुमचा बुवा आमच्या दर्यात उबा र्‍हातो. कमरेएवड्या पान्यात. आमी म्हटला, नवस असल. बाया लांबून हात जोडतात."

मी विचारलं, "किती दिवस?"

"झाले बरेच. पन काल पानी छातीपरत होता, मास्तर. भरती होती. मी होडीतून हाक मारली, त्याने वलून नाय बगितला. मग आमी दोघांनी दंडाला धरून आनला. काय बोलला नाय, आला गुमान. म्हटला, नवसाच्या मानसाला धरला, पाप तर नाय ना लागनार?"

मी त्याला म्हटलं, बेनेडिक्ट, पाप लागत असेल तर ते माझ्या नावावर टाक, पण परत धर.

त्याच संध्याकाळी मी शत्रुघ्नला विचारलं. त्याने काही लपवलं नाही. अगदी समाधानाने सांगितलं, जसा तो पूर्वी एखाद्या नव्या चिजेबद्दल सांगायचा. म्हणाला, "दर्यात तो आवाज ऐकू येत नाही, हरेश्वर. लाटांना सूर नसतो ना, त्यामुळे बेसूरही नसतो. काठावर थोडा येतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात कमी होतो. छातीपर्यंत गेलं की जवळजवळ नसतोच." मग म्हणाला, "किती बरं वाटतं म्हणून सांगू."

मी त्याला म्हटलं, मला सोबत नेत जा. तो म्हणाला, "तुझी शाळा असते." ते खरं आहे. सकाळपासून पाचपर्यंत मी आठवीच्या आणि नववीच्या मुलांना रूपं पाठ करायला लावतो आणि माझं लक्ष खिडकीतून आगाशीच्या रस्त्यावर असतं. भागूबाई त्या वेळी मळ्यात पाणी सोडत असते, तिला वाटतं तो आत झोपलाय. अर्नाळ्याचे लोक होडीवर गेलेले असले तर किनाऱ्यावर फक्त बाया असतात, आणि त्या हात जोडतात.

पास्कल, मी तुला कोंबड्यावर पत्रं लिहिली, जत्रेवर लिहिली, मानपत्रावर लिहिली. मला त्यातल्या कशाची काळजी नव्हती. मला भीती वाटते ती ही, की एका दुपारी तो आणखी दोन पावलं पुढे जाईल, कारण तिथे शांत असतं, आणि परत येणार नाही. मला त्याला एकट्याने सांभाळता येत नाही. तू ये.

हरेश्वर